विसाच्या नोटेतली नारळाची झाडं

चि. सानिकास,


आजोबांच्या जुन्या पाकिटात सापडलेल्या विसाच्या नोटेचा फोटो पाठवून तू विचारलंस, ‘मावशी, हे गोवा का गं?’ गोवा नव्हे, अंदमान. ही लालसर नोट २००१ साली आली. २०१९च्या हिरवट-पिवळ्या नोटेवर आपलं वेरूळ आलं आणि हे चित्र मागे पडलं. नारळांच्या पलीकडे दीपगृह दिसतं ना, ते नॉर्थ बेचं, आणि वरची डोंगररांग माउंट हॅरियटची.

काका आणि मी तिकडे जाऊन आलो. पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटते, आधी रॉस बेट, मग नॉर्थ बे. रॉसचं नाव २०१८पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालंय, बोटवाले मात्र अजून ‘रॉस, रॉस’ असंच ओरडतात.

आपल्याकडे अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर. पण तो तुरुंग बांधून झाला १९०६ साली. सत्तावनच्या बंडातले कैदी १८५८च्या मार्चमध्येच इथे उतरवले होते. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं ही बेटंच तुरुंग होती, आणि समुद्र ही त्याची भिंत. रॉसवरचं रान कैद्यांनी तोडलं आणि साहेबांनी तिथे राजधानी थाटली: चर्च, बेकरी, नाचघर, टेनिसचं मैदान. १९४१च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली, पुढच्या वर्षी जपानी आले. आता भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी असं कवळलंय की वीट कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं, ते कळत नाही. हरणं इतकी धीट की काकांच्या पिशवीत तोंड घालत होती.

आता त्या डोंगराची गोष्ट. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो (अजमेरचं मेयो कॉलेज ज्याच्या नावाचं, तोच) सूर्यास्त बघायला माउंट हॅरियटवर चढला. उतरेपर्यंत अंधार पडला होता. पायथ्याच्या होपटाउन धक्क्यावर तो बोटीत चढणार, एवढ्यात शेर अली नावाच्या पठाण कैद्याने त्याला सुऱ्याने भोसकलं. हा शेर अली चांगल्या वागणुकीमुळे सवलत मिळालेला, वस्तीत न्हाव्याचं काम करणारा माणूस! हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असा मारला गेला तो हा एकच. महिनाभरात, ११ मार्चला, शेर अलीला जवळच्या वायपर बेटावर फाशी दिलं. आमच्या तिकिटात वायपर नव्हतं. बहुतेकांच्या नसतं, तिथे पोहायला नाही, खायला नाही, नुसता फाशीचा चौथरा बघायला कोण जाणार?

नॉर्थ बेला मात्र जत्रा. काचेच्या तळाच्या बोटीत आम्ही दाटीवाटीने बसलो. काचेवर ओरखडे होते, तरी खाली प्रवाळांची रानं दिसली, आणि त्यांतून निळेपिवळे मासे असे निवांत फिरत होते की काका चक्क गप्प झाले. प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

घरी आल्यावर एका नातेवाइकांनी सुनावलं, ‘काळ्या पाण्यावर जाऊन मासे कसले बघता!’ मला नाही तसं वाटत. आमचा बोटवाला स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवत होता. शिक्षा भोगून तिथेच राहिलेल्या कैद्यांच्या वंशजांना तिकडे हेच म्हणतात. त्याचा खापरपणजा बेड्यांत आला होता. कोणत्या गुन्ह्यासाठी, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. ‘मग कधी शोधलं नाहीस?’ असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘आंटी, सीझन में टाइम किसको है?’ ज्या पाण्याने त्याच्या पूर्वजांना कोंडलं, त्याच पाण्यावर त्याचं घर चालतं. मग आपणच तिथे सुतकी चेहरा करून का बसायचं?

तू डिसेंबरात येणार असशील तर चार दिवस काढून ये. तिथे घड्याळ आपलंच, पण बेटं कोलकात्याच्याही पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारची बोट धरायचीच नाही. आणि जाण्याआधी वायपरला नेणारी बोट कोणती, ते विचारून ठेवते.

तुझी,
मावशी