हर्णैच्या किनाऱ्यावर मगरिब

कोकण किनाऱ्यावर नमाजाला उभे राहिले की तोंड समुद्राकडे असते. किब्लाही तिकडे, सूर्यास्तही तिकडे. दापोली तालुक्यातल्या हर्णै किनाऱ्यावर, सुवर्णदुर्गासमोर, हे फार सुंदर दिसते.

असरनंतर ओहोटी असेल तर ओल्या वाळूत चिमुकले खेकडे कामाला लागतात. वाळूतले अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या ते बिळाभोवती मांडतात. भरती आली की सारी नक्षी पुसली जाते. हिवाळ्यात दूरदेशीचे कुरव पक्षी मासळीच्या होड्यांवर घिरट्या घालतात. पाणी आधी रुपेरी, मग पिवळे, मग तांबडे होते.

सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. डिसेंबरात तो किब्ल्याच्या डावीकडे असतो, एप्रिलच्या उत्तरार्धात जवळजवळ समोर, मे अखेरीस उजवीकडे. बिंब पूर्ण बुडाले की मगरिब. शाफई मसलकात पश्चिमेची लाली विझली की इशा. 29 तारखेला याच लालीत नवा चाँद शोधायचा; त्या दिवसांत भरतीला उधाण असते.

आज वेळ मोबाइल सांगतो. पण आकड्यावरून मुलांना वेळ कळते, ती कशी ठरते हे कळत नाही. रात्र-दिवसाच्या येण्याजाण्यात विचार करणाऱ्यांसाठी निशाण्या आहेत, असे कुरआन सांगते. सुट्टीत किनाऱ्यावर जाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा, मुलांना आकाशाकडे पाहू द्या आणि मगरिब झाली का, हे त्यांनाच विचारा.