खलनायकाची लेक

राक्षसालाही लहानपण असतं, याचा आमच्या सांगलीच्या रंगभूमीला पत्ता नव्हता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. पुढे कित्येक वर्षं पौराणिक नाटकातला राक्षस तोंड रंगवून, आरोळ्या ठोकत यायचा नि मार खाऊन जायचा. त्याला घरी कुणी वेळेवर वाढत होतं का, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं ते एका अमेरिकी कार्टूननं. २००७ साली सुरू झालेल्या ‘फिनियस अँड फर्ब’मधला डॉक्टर डूफेनश्मर्ट्झ हा खलनायक रोज नवं यंत्र बनवतो, रोज आपटतो, आणि आपटण्याआधी लहानपणीचं एक दुखणं सांगतो. याच्या जन्माला आईबाप हजर नव्हते. (आईसुद्धा! कसं ते विचारायचं नाही.) बागेतला बुटक्याचा पुतळा जप्त झाला, तर त्याच्या जागी हा पोरगा रात्री थंडीत उभा. आईचा जीव सगळा धाकट्या रॉजरवर. पाळलेल्या कुत्र्याचं नाव बापानं ठेवलं ‘एकुलता मुलगा’. आपण हसतो. हसताना जरा चावतंही.

या माणसाला व्हेनेसा नावाची मुलगी आहे. ती सोळा वर्षांची होते तेव्हा हा तिचा वाढदिवस असा काही थाटतो, की बघत राहावं. सजावट सगळी गुलाबी, छोट्या परीला शोभावी अशी. पोरगी काळे कपडे घालणारी, तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लहानपणी मागितलेली बाहुली तर ती मोठी झाली तरी हा शोधतच असतो. मला वाटतं, ती गुलाबी पार्टी त्यानं लेकीला दिलेलीच नाही. बागेत कुडकुडणाऱ्या त्या पोराला दिलीय.

असे बाप मी साताऱ्यात आणि सांगलीत रोज बघतो. माण, खटाव, जत, आटपाडी या टापूत १९७२च्या दुष्काळात जी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायला गेली, सुकडीवर वाढली, दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे सदरे शिवून ज्यांनी घातले, ती आज आजोबा झालीत. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो: बाळाला गॉगल, अंगात जाकीट, खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. बाळ मांडवात भोकाड पसरून रडतंय, कारण डीजे. पण आजोबांचा चेहरा बघा. वाढदिवस त्यांचा चाललाय.

खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी आणखी वेगळी. मिसरूड फुटायच्या आत पाव्हण्याबरोबर केरळात नाहीतर पंजाबात जायचं, भट्टीपुढं बसून सोनं गाळायला शिकायचं, रात्री आईच्या आठवणीनं उशी भिजवायची. पैसा आला, गावाकडं बंगला झाला. मग यातलाच कुणी बाप पोराला पाचगणीच्या वसतिगृहात घालतो. “आमचं शिक्षण ऱ्हायलं, तुझं तरी होऊ दे बाबा.” अगदी खरं. फक्त पोराच्या वाट्याला शिक्षणाबरोबर तीच ओली उशी येते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ज्याची आपल्याला उणीव होती ते देताना, आपण जे सोसलं तेही नकळत हातून दिलं जातं.

तरी या बापांना मी वाईट म्हणणार नाही. वाईट बाप बघायचा तर आपल्या देवलांचा बघा. सांगलीजवळच्या हरिपूरचे हे गोविंद बल्लाळ; त्यांच्या १८९९च्या ‘संगीत शारदा’तला कांचनभट पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याला द्यायला निघतो. त्याच्यापुढं डूफेनश्मर्ट्झ म्हणजे संतच. मालिकेचा तेव्हा शेवटचा म्हणून आलेल्या भागात, २०१५ साली, आपल्या दुष्टपणामुळं लेकीचं काम अडतंय हे कळल्यावर हा पठ्ठ्या दुष्टपणाच सोडून देतो.

आपल्याला तेवढंही सोडायचं नाही. फ्लेक्सवाल्याला फोन लावण्याआधी पोराला एकदा विचारा, तुला काय हवंय म्हणून. आणि त्यानं ‘काही नको, तुम्ही घरी थांबा’ म्हटलं, तर थांबा.