पायथनची सुधारित आवृत्ती

मराठीच्या अध्यापकाने रिव्हॉल्व्हरविषयी लिहावे, हे थोडे चमत्कारिकच. वडिलांच्या ट्रंकेतल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लहानपणी चोरून वाचल्या होत्या, एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही. पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मला हटकून कोल्ट कंपनीचे ‘पायथन’ आठवते. वर्गात मात्र ते उदाहरण देण्याचा धीर अजून झालेला नाही. म्हणून हा प्रपंच.

पायथन १९५५ साली अमेरिकेत विक्रीला आले. .३५७ मॅग्नम काडतुसांचे, सहा कोठ्यांचे, नळीच्या माथ्यावर झरोके असलेली पट्टी आणि अंगावर ‘रॉयल ब्लू’ नावाची खोल निळी झिलई. किंमत १२५ डॉलर, म्हणजे त्या काळच्या रिव्हॉल्व्हरांत चांगलीच चढी. पैसे मोजले जात ते मुख्यतः आतल्या कामाचे. सुटे भाग यंत्रावर तयार होत. पण ते एकमेकांत बसवताना कारागीर कानस आणि दगड घेऊन हाताने घासत असे. चाप पूर्ण ओढला की काडतुसांचे चक्र जागच्या जागी असे घट्ट बसे की बोटाने हलवून हलत नसे. २००५ साली हे उत्पादन थांबले. २०१० मध्ये ‘द वॉकिंग डेड’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाच्या हातात पायथन दिसले आणि ते न पाहिलेल्या पिढीलाही त्याची ओढ लागली. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने ते पुन्हा काढले: स्टेनलेस स्टीलचे, १४९९ डॉलरचे, नाव तेच.

आणि तक्रारी सुरू झाल्या. सुरुवातीच्या काही नगांत चाप ओढला तरी चक्र पुढच्या कोठ्यावर सरकेना. काहींत घोड्याचा ठोका हलका पडून काडतूस उडेना. कुठे नळीच्या तोंडाशी यंत्राचे ओरखडे तसेच राहिलेले. कंपनीने बंदुका परत घेऊन दुरुस्त केल्या, उत्पादनातही बदल केले. पुढच्या नगांविषयीचा सूर बराच निवळला. पण ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांना तोवर आयता पुरावा मिळाला होता.

मला हा पुरावा पटत नाही. जुनी प्रत आहे म्हणून तिचा पाठ शुद्ध, असे पाठचिकित्सेत कोणी मानत नाही. भांडारकर संस्थेत महाभारताच्या हस्तलिखितांचा पसारा मांडून बसलेल्या सुकथनकरांनी प्रत्येक पोथीची परंपरा तपासली, नुसते वय नव्हे. जुन्या पायथनची परंपरा तपासली तर काय दिसते? ज्या घट्टपणाचे एवढे कौतुक, तोच त्याचे दुखणे होता. चक्र फिरवणारी बारीक पट्टी दर ठोक्याला ताणाखाली असल्यामुळे झिजे, कोठा नळीच्या रेषेत येण्याची वेळ चुके आणि ती पुन्हा जुळवून देणारा जाणकार शोधावा लागे. शिवाय ‘जुने पायथन’ ही काही एकजिनसी वस्तू नव्हे. १९८६ ते १९९० अशी चार वर्षे कोल्टच्या कामगारांचा संप चालला. कंपनीने बदली माणसे आणून कारखाना चालू ठेवला, आणि त्या वर्षांतल्या मालाकडे संग्राहक आजही जरा संशयानेच पाहतात. नाव तेच, आराखडा तोच. हात तेवढे बदलले होते.

नव्या पायथनची रचना करणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती, असे मला वाटते. आतले भाग त्यांनी कमी केले, ते हाताने घासावे लागू नयेत इतक्या नेमकेपणाने यंत्रावर कापले, चक्रावरून जाणाऱ्या सांगाड्यात धातू वाढवला. हे पुनर्मुद्रण नव्हे, ही सुधारित आवृत्ती. आणि ताकदीच्या दृष्टीने ती मूळ संहितेहून सरस आहे, हे सांगायला संकोच कशाला? मग सुरुवातीलाच ती अडखळली का? मला वाटते, हाताने घासणे रद्द झाले तेव्हा त्याच्या पोटात असलेली दुसरी एक गोष्ट न कळत गेली. घासणारा माणूस तो भाग दहा वेळा उलटसुलट पाहत असे. त्याच्या कामाच्या यादीत ‘तपासणी’ असा शब्द नसेलही.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. भाग बसला की नाही, हे ते मापाच्या पट्टीआधी अंगठ्याने सांगत. ‘हाताला लागतं,’ एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. ते हात कोणाकडे गेले नाहीत. मी तर मराठीत एम.ए. केले. पुढे अभ्यासक्रमातल्या एका अभिजात कादंबरीची नवी आवृत्ती वर्गात वाचताना वडिलांची फार आठवण झाली. कागद पांढराशुभ्र, बांधणी उत्तम, आणि जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये येताना पानापानावर गळालेले रफार. खिळे जुळवणाऱ्याबरोबर मुद्रितशोधकही घरी गेला होता. विद्यार्थी निमूटपणे चुकीचा शब्द वाचत होते, कारण त्यांच्या लेखी कादंबरीत तोच शब्द होता. इथे कंपनीने माल परत मागवण्याचीही सोय नाही.

२०२३ साली ॲरिझोनात मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्याकडे दोन्ही पायथन आहेत. १९७०च्या दशकातले एक आणि २०२१चे एक. जुने रिकामे करून त्याने माझ्या हातात दिले. चाप सावकाश ओढून पाहिला. चक्र वळून बसले तेव्हा खरोखरच काही हलले नाही. “शिरीषदादा, हे मी वर्षातून दोनदा पुसतो फक्त,” तो म्हणाला, “बिघडलं तर उघडायला द्यायचं कोणाला? नेम धरायला दर शनिवारी नवंच नेतो.” नवे त्याने मला दाखवले नाही. ते गाडीतच होते.