भाच्यासाठी कॉलेज पाहायला रत्नागिरीला

गेल्या जानेवारीत, आंब्याच्या मोहोरावर फवारण्या चालू असताना, दोन दिवसांची रजा काढून मी रत्नागिरीला गेलो. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रावर शेतकरी बंधूंना घेऊन कित्येकदा गेलो आहे. या खेपेस बरोबर बहीण आणि बारावीतला भाचा होता. त्याच्यासाठी कॉलेज पाहायचे होते.

भाचा स्वमग्न आहे. यालाच ऑटिझम म्हणतात. हा वेडेपणा नव्हे की आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे. मेंदूची घडणच वेगळी असते. गोंगाट त्याला सोसत नाही, ठरलेले अचानक बदलले की तो बिथरतो. मात्र भरती-ओहोटीचे कोष्टक त्याला तोंडपाठ!

हातखंब्याला एस.टी. वळली तेव्हा त्याने विचारले, "मामा, स्टँडवर किती वेळ थांबायचं?" मी म्हटले, "दहा मिनिटं." अकराव्या मिनिटाला तो चालू लागला.

रत्नागिरीत शिक्षणाची सोय जुनी आहे. गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ पासूनचे, तर शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ चे. पण आमच्यापुढे प्रश्न होता तो वेगळाच.

ज्या कॉलेजात आधी गेलो त्याचे नाव लिहीत नाही. तेथील कारकून मुलाकडे न पाहता बहिणीला म्हणाला, "बाई, कशाला हा खटाटोप? शेती आहे ना घरी?" बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. मला राग आला तो दुहेरी. शेती म्हणजे काय नको असलेल्यांना बसवायची जागा?

दुसऱ्या ठिकाणी एका प्राध्यापकांनी आम्हाला बसवले आणि प्रश्न थेट भाच्याला विचारले. उत्तराला वेळ लागला, ते थांबले. त्याला वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा दाखवली. गोंधळ असह्य झाला तर कोठे जाऊन बसायचे, तेही दाखवले. याही कॉलेजचे नाव लिहीत नाही. माणसे बदलली की कॉलेज बदलते. ज्याचे त्याने जाऊन पाहावे.

संध्याकाळी भाट्याच्या पुलावर उभे होतो. खाडीकडे बघत भाचा म्हणाला, "मामा, दुसरं कॉलेज. तिथं पंखा वाजत नाही." आम्ही निकालांची टक्केवारी पाहत होतो, त्याने पंखा ऐकला होता! बहीण कितीतरी वेळाने हसली.

अशी मुले ज्या घरी असतील त्यांना सांगतो. प्रवेशाच्या गर्दीत नव्हे, वर्ग चालू असताना कॉलेज पाहा. मुलाला बरोबर न्या. अडचणीत त्याने कोणाकडे जायचे, त्या एका माणसाची ओळख करून घ्या. एस.टी. कोठे थांबते, तेथून किती चालायचे, हेही पाहा.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता येते. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर सरकारी व अनुदानित कॉलेजांत ५ टक्के जागा राखीव असतात, वयाची सवलत ५ वर्षांची मिळते. दाखल्याचे काम बारावीच्या आधीच उरका.

कलम लावण्यापूर्वी आपण जमीन पाहतो, वारा कोठून येतो ते पाहतो. पोरासाठी तेवढे तरी पाहायलाच हवे.