तीस हजारांतली स्टील गिटार

जळगावात पेडल स्टील गिटार कुठे मिळते, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: मिळत नाही. धुळ्यातही नाही. दोन्हीकडे विचारून झालंय. एका दुकानदाराने मला इलेक्ट्रिक गिटारला जोडायचं इफेक्ट पेडल दाखवलं, दुसऱ्याने स्टीलच्या तारांचं पाकीट काढलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ही वस्तू त्यांच्याकडे आजवर कोणी मागितलीच नव्हती.

तुम्हीही पाहिली नसेल, म्हणून आधी ती काय आहे ते सांगतो. लांबट, अरुंद टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वर बहुधा दहा तारा. डाव्या हातात स्टीलचा गुळगुळीत, जड दांडा. तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. खाली पायांसाठी पेडल आणि गुडघ्यांसाठी दांड्या. सर्वांत प्रचलित ई-नाइन ट्युनिंगमध्ये पहिलं पेडल दाबलं की बीच्या तारा चढून सी शार्प होतात, दुसऱ्याने जी शार्पच्या तारा चढून ए होतात. दोन्ही एकदम दाबा: वरचा दांडा हललेलाही नाही आणि ई मेजर कॉर्ड तुमच्या कानासमोर वितळून ए मेजर झालेली असते. वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या १९५४च्या हिट गाण्यात बड आयझॅक्सने हे वाजवलं आणि अमेरिकेतले स्टील गिटारवाले पेडलच्या मागे लागले. सत्तर वर्षांनंतर, रात्रपाळीहून आल्यावर मोबाईलवर, मीसुद्धा लागलो.

माझ्याकडे तीस हजार रुपये होते. एमआयडीसीतल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी, त्या पगारातून चौदा महिने बाजूला काढलेले. तिकडे पारोळ्याजवळच्या आमच्या घरात पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली. भाव वाढेल म्हणून आप्पांनी विकला नव्हता. खानदेशातल्या कुणालाही त्या खोलीचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या वर्षी तीस हजारांचं वाद्य घेणं म्हणजे फक्त वाद्य घेणं नव्हतं.

हिशेब मांडला. शिकाऊ दर्जाची नवी पेडल स्टील एक हजार डॉलरच्या पुढे. त्यावर जहाजाचा किंवा विमानाचा खर्च, कस्टम ड्युटी, मग अँप्लिफायर, मग व्हॉल्यूम पेडल. आकडा लाखाच्या पार. समजा कुठून जुनी, स्वस्तात मिळाली, तरी खरी गोष्ट पुढेच आहे. वाद्याच्या पोटात सळया, स्प्रिंग आणि कोनात वळणारे छोटे सांधे असतात. एक जरी झिजला तरी सूर जागेवर येत नाही. तिसरी तार सगळ्यांत बारीक आणि ताणलेली, तीच वारंवार तुटते. मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ट्युनिंग उतरत राहणार. हे सगळं दुरुस्त कोण करणार?

मग शोध उलटा सुरू केला: हा सरकता सूर आपल्याकडे आधी कुणी वाजवला? उत्तर घरातच होतं. १९व्या शतकाच्या शेवटी हवाई बेटांवर जोसेफ केकुकू आणि त्याच्या काळातल्या वादकांनी गिटार मांडीवर आडवी घेतली. ती पद्धत भारतात पोचली आणि इथलीच झाली. व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांनी हिंदी गाण्यांच्या धून वाजवलेल्या रेकॉर्डी घराघरांत होत्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७च्या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ते आहेत. विश्वमोहन भट्ट यांनी त्याच कुळातली मोहनवीणा घडवली आणि १९९४मध्ये ग्रॅमी मिळवलं. यांपैकी कुणालाही पेडल लागलं नाही.

हे माझ्या डोक्यात नीट बसवलं ते धुळ्यातल्या एका काकांनी. देवपूरला राहतात, पूर्वी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. कुणीतरी नंबर दिला. त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. आत सहा तारांची, मांडीवर घ्यायची इलेक्ट्रिक गिटार.

“तुला वाजवायचंय काय?” त्यांनी विचारलं.

“जुनी हिंदी गाणी. जमलं तर देस.”

“मग पाय कशाला लागतात?”

मी हसलो, पण मुद्दा बिनतोड होता. पेडलचं काम असं, की बाकीचे सूर स्थिर ठेवून कॉर्डमधला एखादाच सूर हलवायचा. आपल्या गाण्यात मुख्य चाल एका वेळी एकाच सुराने चालते, आणि मींड घ्यायला दांडाच पुरतो. कधी पेडलसारखा परिणाम हवाच असेल तर दांड्यामागची तार बोटाने ओढता येते.

काकांनी वाद्य कसं तपासायचं तेही दाखवलं. बाराव्या खुणेवर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक काढा, मग तिथेच दांडा ठेवून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. खुंट्या पिळून सोडा, सरकत तर नाहीत? डोक्याच्या जोडाला चीर आहे का बघा. मान किंचित वाकलेली असली तर घाबरू नका, इथे तारा तशाही उंच असतात.

तुमच्याकडे तेवढेही पैसे नसतील तर घरातली पडून असलेली साधी गिटार घ्या. तारा उचलणारी धातूची पट्टी मानेच्या टोकाशी बसवा, एक दांडा घ्या, आणि ओपन डी ट्युनिंग करा: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. यात एकही तार नेहमीपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे गिटारवर जादा ताण येत नाही.

आणि तुम्हाला ते वितळणारे कॉर्डच हवे असतील, तर मात्र पेडलला पर्याय नाही. पैसे साठवा.

मी काकांची गिटार साडेसात हजारांना घेतली. अँप्लिफायर चार हजारांना, जुना. आउटपुट जॅक सैल झाला, तेव्हा गोलाणी मार्केटमधल्या एका रिपेअरिंगवाल्याने दहा मिनिटांत बदलून दिला. त्याने असं वाद्य पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण जॅक ओळखीचा होता. हार्मोनियम युरोपातून आली, लग्नाच्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो मूळ जपानी वाद्यावरून आला. इथल्या हातांना ती खोलून पुन्हा जोडता आली, म्हणून ती टिकली. कमी पैशांत वाद्य निवडताना मला तरी ही कसोटी कंपनीच्या नावापेक्षा मोठी वाटते.

उरलेले साडेअठरा हजार घरी दिले. पेरणीच्या तोंडावर ते कुठे गेले हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. आप्पांनी पेटीकडे बघून एवढंच विचारलं, “हाई काय शे?” मी गिटार म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मोबाईलवर कापसाचा भाव बघत बसले.

कापूस शेवटी जूनमध्ये विकला गेला, वाट पाहिली होती त्यापेक्षा कमी भावाने. सुट्टीला गावी जातो तेव्हा त्या खोलीत बसून रियाज करतो. कोपऱ्यात अजून थोडी सरकी सापडते. खोली रिकामी आहे, सूर बराच वेळ टिकतो.