खुराड्यातली उतरंड

आमच्या परड्यात कोंबड्या आहेत त्या अम्मींच्या तरुणपणापासून. दापोली तालुक्यातली आमची वाडी, मागे नारळी-पोफळी, त्याखाली खुराडं. सकाळी फजरची नमाज झाली की अम्मी खुराड्याचं दार उघडायच्या आणि कणी टाकायच्या. आता गुडघे दुखतात म्हणून ते काम आम्ही दोघं करतो. घरात अंडी येतात, पाहुणा आला तर कोंबडी कापली जाते, एवढाच आमचा कोंबड्यांशी संबंध. त्यांच्यातही भांडणं, दादागिरी आणि रुसवे असतात हे आम्हांला माहीत होतं, पण त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमची आपा माहेरी आली. दूल्हाभाईंचा इंतकाल झाला, इद्दत पूर्ण झाली आणि मूलबाळ नसल्यामुळे आम्हीच तिला घेऊन आलो. रिक्षातून उतरली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि डालग्यात तीन कोंबड्या होत्या. एक पांढऱ्या ठिपक्यांची चांदी, एक तांबडी मैना आणि तिसरी अजून अंड्यावर न आलेली लहान तलंग. "यांना कुणाकडे टाकून येणार?" एवढंच ती म्हणाली.

आम्ही खुराड्याचं दार उघडलं, तिघींना आत सोडलं आणि दार लावून घेतलं. अम्मी म्हणाल्या, "नवीन जागा आहे. राहतील, होईल सवय." आपाबद्दलही शेजारीपाजारी तेव्हा हेच म्हणत होते.

आमच्या स्वतःच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यातली बेगम सगळ्यांत थोराड. ती दाण्यावर आली की बाकीच्या सरकून जागा देतात. तिने त्याच दुपारी चांदीच्या तुऱ्यावर चोच मारली. मग दुसरीने मैनाला हुसकलं. तलंगेच्या मागे तर सगळ्याच लागल्या. आम्ही हसलो. वाटलं, दोन दिवसांत थंड होतील.

पाऊस लागला तसं कोंबड्यांचं बाहेर हिंडणं बंद झालं. सहा बाय चार फुटांचं खुराडं आणि त्यात पंधरा पक्षी. एकच भांडं दाण्याचं, एकच पाण्याचं. चौथ्या-पाचव्या दिवशी तलंगेच्या शेपटीजवळची पिसं उपटलेली दिसली, कातडीवर रक्त होतं. आम्ही थोडी हळद लावून तिला परत आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यात मरून पडली होती. हातात घेतली तर कापसासारखी हलकी. गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी होती. म्हणजे ती जखमेने गेली तशीच भुकेनेही गेली होती. भरल्या भांड्यापासून चार हातांवर.

आपाने पोफळीखाली खड्डा खणून तिला पुरलं. आम्हांला एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी फक्त म्हणाली, "तिला कुणी दाण्याजवळ येऊ देत नव्हतं. मी रोज बघत होते."

"मग आपा, सांगितलं का नाही?"

"तुमच्या कोंबड्या, तुमचं खुराडं. मी काय सांगणार?"

त्या रात्री आम्हांला लवकर झोप लागली नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "जागा किती?" आम्ही सांगितली. ते म्हणाले, एका कोंबडीला आत निदान तीन-साडेतीन चौरस फूट तरी हवी. तुमच्याकडे दीडच्या आसपास येते. वर पाऊस, वर नवे पक्षी. मग दुसरं काय होणार?

त्यांच्याकडून आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या आमच्या मोठ्या मुलीकडून बरंच कळलं. कोंबड्यांत एक उतरंड असते. कोण कुणाला टोचू शकते आणि कुणी कुणापुढे मान खाली घालायची, हे प्रत्येकीला पक्कं ठाऊक असतं. थॉरलीफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेच्या माणसाने लहानपणापासून घरच्या कोंबड्या बघून याच्या नोंदी ठेवल्या आणि 1922 साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. ही उतरंड वाईटच असते असं नाही. ती ठरलेली असली की रोजची भांडणं उलट कमी होतात, नुसत्या नजरेवर काम भागतं. नवा पक्षी आला की ती मोडते आणि पुन्हा लावावी लागते. एखादी चोच, थोडी पळापळ, हे चालायचंच. पण रक्त निघालं, एखादी दाण्यावर येईनाशी झाली, दिवसभर कोपऱ्यात तोंड घालून बसली, तर तो छळ. तिथे माणसाने मध्ये पडायलाच हवं.

मग आम्ही कामाला लागलो. चांदी आणि मैनाला आधी बाहेर काढलं. डॉक्टरांनी जखमेवर लावायला जांभळं औषध दिलं होतं. कोंबड्यांना लाल रंग दिसला की त्या तिथेच पुन्हा पुन्हा टोचतात. जांभळ्या रंगाने तो लाल झाकला जातो. हळद लावून परत आत सोडलेली तलंग आठवली आणि आम्ही एकमेकांकडे बघितलंच नाही.

सुताराला बोलावून खुराडं दहा बाय पाच फुटांचं केलं. मधोमध तात्पुरती जाळी ठोकली. एका बाजूला आमच्या, दुसऱ्या बाजूला आपाच्या. जाळीच्या दोन्ही अंगांना भांडी अशी ठेवली की दोन्हीकडच्या एकमेकींना बघत दाणे खातील, पण चोच पोचणार नाही. पहिले दोन दिवस बेगम जाळीवर धडका देत होती. आठवडा होईतो तिने नाद सोडला.

तेवढ्या दिवसांत बाकीची व्यवस्था केली. दाण्याची तीन आणि पाण्याची दोन भांडी, एकमेकांपासून लांब, म्हणजे एकीने एक अडवलं तरी दुसरीला दुसरं मोकळं. भिंतीला एक फळी तिरकी टेकवून ठेवली, दोन्ही बाजूंनी उघडी. मागे कुणी लागलं तर लपता यावं, पण कोंडीत सापडू नये. एका खोक्यात चुलीची राख आणि कोरडी माती भरली, लोळायला. कोबीचा गड्डा सुतळीने टांगला. रिकामी चोच दुसरीच्या पिसांकडे वळते, तिला काम दिलेलं बरं. नुसत्या कणी-कोंड्यात अंगाला लागणारं काही नसतं आणि तो कमीपणा भरायला कोंबड्या पिसं खातात, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मीठ न लावलेला सुका जवळा आणि शेंगदाण्याची पेंड द्यायला लागलो.

आठव्या दिवशी मगरिबनंतर, सगळ्या दांडीवर बसल्यावर, जाळी काढली आणि चांदी-मैनाला अंधारात हळूच त्यांच्या शेजारी बसवलं. पहाटे उठल्या की खरी परीक्षा, म्हणून फजरनंतर आम्ही तिथेच उभे राहिलो. बेगमने चांदीला दोनदा टोचलं, चांदी फळीमागे गेली. कोंबडा मध्ये येऊन उभा राहिला. भांडण तेवढ्यावरच थांबलं.

पण बेगम मैनाला सोडेना. तेव्हा आम्ही मैनाला नाही, बेगमलाच बाहेर काढून तीन दिवस वेगळ्या डालग्यात ठेवलं. आधी आम्ही नेहमी मार खाणारीलाच वेगळं करायचो. त्याने तिची कळपातली जागा जायची आणि ती परत आली की पुन्हा नवखी ठरायची. बेगम तीन दिवसांनी आली तेव्हा तिच्याशिवाय उतरंड लागलेली होती. तिची मिजास पुष्कळच उतरली होती.

हे सगळं करताना आपा सतत आमच्यासोबत होती. फळी कुठे टेकवायची, कोणती कुणाला भिते, हे तिलाच माहीत होतं. एका दुपारी जाळीचे खिळे ठोकत असताना आमच्या धाकट्याने विचारलं, "फुफू, तुमची ट्रंक अजून पडवीतच का आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दीड महिना झाला होता. आम्ही तिला कधी टोचून बोललो नव्हतो, हे खरं. पण ती सगळ्यांचं जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी बसून उरलंसुरलं खात होती आणि आम्ही त्याला तिचा स्वभाव समजत होतो. अम्मी खाटेवर बसून ऐकत होत्या. अल्-अनआम सूरहमध्ये एक आयत आहे, जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, अशा अर्थाची. अम्मींनी तिची आठवण काढली आणि म्हणाल्या, "तिलाही आपण नुसतं आत घेतलं आणि दार लावलं."

त्याच संध्याकाळी उत्तरेकडची खोली रिकामी केली. त्यात आमचं जुनं सामान होतं, भाताच्या कणग्या होत्या. ट्रंक आत गेली. खोलीची चावी आपाच्या हातात दिली. रात्री दस्तरखान अंथरल्यावर अम्मींनी तिला हाक मारून आपल्या शेजारी बसवलं. ती म्हणाली, "मी नंतर जेवते." अम्मी म्हणाल्या, "मग आम्हीही नंतर जेवतो." आपा बसली.

आता हिवाळा आहे. चांदी खुडूक बसली होती, तिच्याखाली आम्ही बेगमची अंडीही ठेवली. नऊ पिल्लं निघाली, अल्हम्दुलिल्लाह. मैना अजून खालच्याच पायरीवर आहे, पण तिची पिसं भरून आली आहेत आणि संध्याकाळी हात लावून बघितलं तर दाण्याची पिशवी भरलेली असते. रोज मगरिबच्या आधी ती बघायचं काम आपाने स्वतःकडे घेतलं आहे.

परवा शेजारच्या चाची विचारायला आल्या. त्यांना दोन नव्या कोंबड्या आणायच्या आहेत, कळपात कशा सोडाव्यात? आम्ही काही बोलायच्या आतच आपा म्हणाली, "चाची, आधी जाळी आणा, कोंबड्या मागाहून. आणि भांडी किती आहेत तुमच्याकडे?"