तमलीक

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरी पाकिटं येतात. वर नाव आपाचं असतं, पण देणारा ती ठेवतो आम्हा भावांच्या हातावर. "आपाके वास्ते है," म्हणतो आणि निघतो. आपा आत पलंगावर बसून ऐकत असते. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय चालत नाहीत, हात थरथरतात, बोलणं सावकाश येतं. कान आणि हिशेब मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा पक्के.

अडीच टक्के, निसाब, पुरं वर्ष, हे जकातीचे मसले आपल्या लोकांना तोंडपाठ असतात. तमलीकचा विषय सहसा कुणी काढत नाही. हनफी फिकहात जकात अदा व्हायची तर घेणाऱ्याला त्या मालाचा मालक करावं लागतं. गरिबाला दस्तरखानावर बसवून जेवू घातलं तर जकात अदा होत नाही; तेच अन्न त्याच्या हवाली केलं तर होते. पोट दोन्हीकडे भरतंच. मग मालकाने त्या पैशांतून औषध आणावं की बांगड्या, हे देणाऱ्याने विचारायचं नाही. अजाण मुलाच्या वतीने वली कब्जा घेतो, हे खरं. पण आपा बावन्न वर्षांची आकिल-बालिग बाई आहे. तिचा वली कुणी नेमला? भाऊ फार तर देणाऱ्याचा वकील. पाकीट तिच्या हाती पडेपर्यंत काम अर्धंच.

इंग्लंडात हाच वाद सरकारी पैशावरून झाला. तिथल्या १९४८च्या कायद्यानुसार नगरपालिका अपंगांना सेवा देऊ शके, रोख पैसा नाही. हॅम्पशायरमधल्या ल कोर्ट या आश्रमात राहणाऱ्या काही अपंगांनी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी ठरवलं, की आपल्यावर होणारा खर्च आपल्याला मिळावा, आपण बाहेर घर करू, मदतनीस आपणच नेमू. त्यांच्या या खटपटीला 'प्रोजेक्ट ८१' म्हणतात. रोख रक्कम थेट हातात द्यायचा कायदा व्हायला १९९६ साल उजाडलं. पगार, करार, जमाखर्च यांचं कसं होणार, ही शंका तिथेही निघाली. त्यासाठी अपंगांनीच चालवलेल्या संस्था पुढे आल्या. त्या कागदपत्रांत मदत करतात. कुणाला कामावर ठेवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान दिव्यांगांसाठी २०२५मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झालं. ते खात्यावर येतं. आपाचा अडथळा खात्यावर होता. सही जुळेना, तेव्हा बँकेतला माणूस तिच्याकडे न बघता आम्हाला म्हणाला, "भावाचं नाव लावा, कटकट नको." आम्ही नाव लावलं नाही. सही न करू शकणाऱ्याने अंगठा द्यावा, तो जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. दोन साक्षीदार, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तेरावं कलम तर स्वतःचे पैशांचे व्यवहार स्वतःच्या ताब्यात ठेवण्याचा हक्कच देतं, आणि मदत करणाऱ्याने दबाव आणू नये असंही बजावतं. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला अंगठा उठला.

आता पासबुक तिच्या उशाखाली असतं. नोंदी आम्ही वाचून दाखवतो, वही भाची लिहिते, आकडे आपा सांगते. सकाळी आंघोळ घालायला येणाऱ्या बाईचा पगार तीच देते. त्यामुळे एक गंमत झाली: ती बाई आता वेळ भाभीला विचारत नाही, आपाला विचारते.

गेल्या ईदला आपाने शेजारच्या दोन पोरींना शंभर-शंभर रुपये ईदी दिली. भाभी कुजबुजली, "जकातके पैसेमेंसे ईदी?" आपाने ऐकलं. सावकाश एकेक शब्द काढत म्हणाली, "मेरे पैसेमेंसे."

जमातीच्या बैतुलमालच्या वहीत मात्र अजून नाव तिचं आणि सही भावाची, असंच चालतं. यंदा वही घेऊन जिना चढून वर या, असं आम्ही सेक्रेटरींना कळवलं आहे. शाईचा पॅड आमच्याकडे आहे.